नाताळात अलिबागजवळ गावच्या घरी ४० माणसं, तीन दिवस: पाणी, झोपणं, स्वयंपाक, पोपटी

नारळीबाग (प्रश्न)

२०२६ चा नाताळ शुक्रवारी येतोय, म्हणजे २५, २६, २७ डिसेंबर सलग मिळतात. चुलत-आत्ये-मामे धरून आम्ही सगळे चौलजवळच्या घरी जमायचं ठरवतोय. एकूण ४० माणसं. त्यात दहा वर्षांखालची ९ मुलं आणि सत्तरीपुढचे ७ जण.

घर जुनं, कौलारू. ओटी, माजघर (साधारण २० बाय १५ फूट), तीन खोल्या आणि मागची पडवी. संडास दोन, एक घरात आणि एक परसात. न्हाणीघरं दोन, त्यातल्या एकात १५ लिटरचा गीझर. विहिरीवर १ हॉर्सपॉवरचा पंप, वर १००० लिटरची टाकी. स्वयंपाकघरात दोन बर्नरची शेगडी. पोळ्यांना गावातल्या एक मावशी येतील, बाकी स्वयंपाक आम्हीच करणार.

विचारायचं हे: एवढं पाणी आणि एवढे संडास पुरतील का? जिन्नस किती आणायचे? शनिवारी रात्री पोपटी (मडक्यात वालाच्या शेंगा भरून जाळावर वाफवतात ती) करायची आहे, ती ४० जणांना कशी बसवायची? आणि आम्हाला आत्ता सुचत नाहीये असं नेमकं काय अडेल?

विहीरकाठ

स्वयंपाकाची चिंता सगळे करतात, पण अशा घरात पहिल्यांदा अडतं ते संडासापाशी. ४० माणसांना दोन म्हणजे एकामागे वीस, आणि त्यातले बहुतेक सकाळी सात ते नऊमध्येच. दहा-बाराजणांमागे एक असेल तर निभतं. म्हणून दहा-बारा माणसांची झोपायची आणि सकाळची सोय घराबाहेर करा. शेजाऱ्यांचं बंद घर मिळालं तर उत्तम, नाहीतर जवळच्या घरगुती निवासात दोन खोल्या. नाताळात रेवदंडा-नागाव पट्ट्यात ऐनवेळी खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाव दुप्पट असतो. गणपती झाले की लगेच बोलून ठेवा.

सेप्टिक टँक बरीच वर्षं उपसली नसेल तर नोव्हेंबरच्या मध्यात उपसून घ्या. आदल्या दिवशी उघडली तर वास आणि चिखल घेऊन पाहुण्यांचं स्वागत होईल. दोन्ही संडासांत झाकणाची कचरापेटी ठेवा. पॅड, डायपर, ओले वाइप्स एकदा आत गेले की पाइप तुंबतो आणि शनिवारी सकाळी प्लंबर मिळत नाही. ॲसिड-फिनेलचा मारा करू नका, टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

पाण्याचा हिशेब असा. आंघोळीला माणशी २५ लिटर म्हणजे १०००. संडासाला माणशी चार खेपा, दर खेपेला ८ लिटर, म्हणजे जवळपास १३००. भांडी, भाज्या धुणं, हातपाय यांना ४००. दिवसाला २७०० लिटर झाले, म्हणजे टाकी तीनदा भरायची: पहाटे पाचला, सकाळी दहाला, संध्याकाळी पाचला. एकदम ताणून उपसू नका. समुद्राजवळच्या विहिरीतून सलग जास्त पाणी काढलं की तळाचा गाळ वर येतो आणि खालचं खारं पाणी ओढलं जातं. मध्ये तीन-चार तास गेले की झरे भरून येतात. पंप चालू-बंद करायचं काम एकाच माणसाकडे द्या. "मला वाटलं तू लावलास" यातच टाकी रिकामी राहते.

पिण्याचं आणि शिजवायचं पाणी वेगळं धरा. माणशी अडीच लिटर पिण्याला, वर ४०-५० लिटर स्वयंपाकाला, म्हणजे २० लिटरचे जार दिवसाला सात-आठ. जेवायला केळीची पानं किंवा पत्रावळी घेतल्या तर भांड्यांचं निम्मं पाणी वाचतं. पानं वाडीतलीच असतील.

गीझरच्या भरवशावर मात्र राहू नका. १५ लिटरच्या २ किलोवॉटच्या गीझरला पाणी तापायला वीस मिनिटं लागतात, आणि त्यात गार पाणी मिसळून जेमतेम दीड-दोन बादल्या आंघोळीचं पाणी होतं. तीस आंघोळींना सहा तास! तो म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना ठेवा. बाकीच्यांसाठी परसात चूल मांडून ४० लिटरचा हंडा चढवा. कढत पाण्याच्या एका हंड्यात सात-आठ बादल्या निघतात. बादलीत आधी गार पाणी, मग कढत. उलट केलं आणि तेवढ्यात एखादं पोर धावत आलं तर भाजतं.

विजेचंही बघा. पंप सुमारे १ किलोवॉट, गीझर २, मिक्सर पाऊण, वर फ्रिज आणि इस्त्री. जुन्या वायरिंगवर हे सगळं एकदम लावलं की एमसीबी पडणारच. पंप चालू असताना गीझर बंद, एवढा नियम भिंतीवर लिहून लावा. वायरमनला दिवाळीनंतर एकदा बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

पंगत

विहीरकाठ यांनी पाण्याचं नेमकं सांगितलंय. मी जेवणाचं लिहिते.

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा. यंदा अधिक ज्येष्ठामुळे पुढचे महिने सरकलेत आणि नाताळचा आठवडा मार्गशीर्षात आलाय. २४ तारीख तर मार्गशीर्षातला गुरुवारच. काही घरांत महिनाभर मांसमच्छी नसते, काहींत फक्त गुरुवारी. संकष्टीही पौर्णिमेनंतरच्या तीन-चार दिवसांतच येते. "कोण काय खात नाही" हे आत्ताच घरोघर विचारून घ्या आणि त्यावर बेत ठरवा. मटण आणून ठेवल्यावर कळलं की निम्मे खात नाहीत, तर दोन स्वयंपाक करावे लागतात.

मुलं अर्धी धरली तर खाणारी माणसं ३५-३६. त्या मापाने:

पोळ्यांसोबतच्या जेवणाला तांदूळ सव्वातीन किलो, आमटीला तूरडाळ सव्वा किलो. पोळ्या माणशी तीन, म्हणजे ११० च्या आसपास, त्याला कणीक साडेतीन किलो. बटाट्याचा रस्सा करायचा तर बटाटे साडेचार किलो. मुगाच्या खिचडीला तांदूळ अडीच किलो आणि मूगडाळ सव्वा किलो. सकाळच्या पोह्यांना जाडे पोहे अडीच किलो, कांदे सव्वा किलो, बटाटे एक किलो. पोहे एकदम भिजवू नका, दोन घाण्यांत करा. मोठ्या कढईत तळाचे वाफेने गिच्च होतात आणि वरचे कोरडे राहतात. दूध दिवसाला आठ लिटर: पाच चहाला, बाकी मुलांना आणि विरजणाला. दूधवाल्याला आठवडाभर आधी सांगा. चहाला ४० कपांमागे पावडर ८० ते १०० ग्रॅम, साखर ४०० ग्रॅम. मधुमेह असलेल्यांचा चहा आधी काढून मग साखर घाला.

मोठ्या मापात पदार्थ बिघडतो त्याची कारणं ठरलेली असतात. भाताला घरी आपण दुप्पट पाणी घालतो, पण मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी उडते. म्हणून दोन किलोच्या पुढे पावणेदोनपट पुरतं, नाहीतर लगदा. सव्वातीन किलोचं एक पातेलं लावण्यापेक्षा दोन लावा, तळ लागत नाही आणि एक बिघडलं तर दुसरं हाताशी असतं. तिखट आणि गरम मसाला सरळ गुणाकाराने घालू नका. पाऊणपट घाला, उकळी आल्यावर चव घ्या.

तुमची दोन बर्नरची शेगडी इथे कमी पडेल. १५ लिटर आमटीला घरगुती बर्नरवर उकळी फुटायला सव्वा ते दीड तास जातो. बाहेर चूल मांडा, किंवा भांडीवाल्याकडून भट्टी घ्या. भट्टीला घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर चालत नाही. तिचा जास्त दाबाचा वेगळा येतो, आणि सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक. भट्टी उघड्यावरच लावायची. सिलिंडर उभा, ज्योतीपासून दहा फूट लांब. पडवीच्या कौलांखाली अजिबात नको.

बेत ठरवताना दिवसाला एकच मोठं जेवण ठेवा. शुक्रवारी लोक दुपारभर टप्प्याटप्प्याने येणार, तेव्हा भात, आमटी, रस्सा, कोशिंबीर, पापड. आमटी आणि रस्सा पुन्हा गरम करून वाढता येतात. रात्री खिचडी-कढी. शनिवारी दुपारी वालाचं बिरडं आणि पोळ्या, रात्री पोपटी. रविवारी सकाळी पोहे, अकराला मसालेभात आणि जिलबी, की मंडळी निघायला मोकळी. तांदळाच्या भाकऱ्या, घावन, आंबोळ्या यांचा मोह टाळा. माणशी दोन भाकऱ्या म्हणजे सत्तरच्या वर. एका तव्यावर तीन तास, आणि करणारी बाई पंगतीत बसतच नाही. खायच्याच असतील तर गावातल्या बचत गटाला ऑर्डर द्या.

हे शेवटचं मला मनापासून सांगायचंय. घरातल्या तीन-चार बायका तीन दिवस चुलीपाशी आणि बाकीचे झोपाळ्यावर, असं व्हायला नको. शुक्रवारी आल्या आल्या पाळ्या लावा. नाश्ता एका पिढीकडे, भांडी आणि केर पुरुषांकडे, पानं मांडणं आणि पाणी वाढणं मुलांकडे. नावं लिहून ओटीवर लावली की कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

नारळीबाग

दोघांचेही मनापासून आभार. शेजारच्या घराचं आजच विचारते. आणखी दोन गोष्टी. शनिवारी दुपारी बिरडं हवं तर वाल कधी भिजवायचे? आम्ही तर शुक्रवारी सकाळीच पोचणार. आणि पोपटीत चिकन खाणारे २२ आणि न खाणारे १८ आहेत, मडकी किती लागतील?

वालपापडी

बिरड्याला ३५ जणांना कडवे वाल दीड किलो पुरे. मोड आल्यावर ते सव्वातीन किलोच्या आसपास होतात. वेळापत्रक उलटं मोजा. गुरुवारी २४ ला सकाळी मुंबईतच भिजत घाला. दहा-बारा तासांनी, म्हणजे रात्री, पाणी काढून ओल्या पंच्यात सैल बांधा आणि ती पुरचुंडी डब्यात घालून प्रवासात सोबत आणा. डब्याचं झाकण घट्ट नको, हवा लागली नाही तर वाल आंबूस होतात. थंडीत मोड यायला वेळ लागतो, चोवीस तास धराच. गावी पोचल्यावर पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवा. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की कोमट पाण्यात अर्धा तास घालून सोलायला बसा. सहा जण बसले तर तास-दीड तासात होतं, आणि गप्पांना यासारखी दुसरी बैठक नाही. सोललेल्या डाळिंब्या झाकून फ्रिजमध्ये.

शिजवताना डाव घालून ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. एवढ्या मापाचं पातेलं हलवणं जड जातं, म्हणून दोन पातेल्यांत करा. आमसूल आणि गूळ वाल शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर दाणा निबर राहतो. नारळ तीन लागतील. ओलं खोबरं घातलेली भाजी दुपारची रात्रीला ठेवू नका.

आता पोपटी. १० लिटरच्या मडक्यात पाला धरून अडीच किलो शेंगा आणि वर थोडं बाकीचं बसतं. तुम्हाला चार मडकी लागतील, दोन शाकाहारी आणि दोन चिकनची. शाकाहारी मडक्यांवर आधीच चुन्याची खूण करा, जळल्यावर सगळी सारखीच काळी होतात. एकूण जिन्नस: वालाच्या शेंगा ८ ते ९ किलो, लहान बटाटे ३ किलो, रताळी २ किलो, चिकन ४ किलो, अंडी २५. जाडं मीठ आणि ओवा भरपूर. डिसेंबरअखेर शेंगांचा हंगाम नुकता लागलेला असतो आणि पोपटीवाल्यांची गर्दी असते, म्हणून भाजीवालीला आठवडाभर आधी सांगा. शेंगा भरलेल्या हव्यात. चपट्या कोवळ्या शेंगांचा नुसता चोथा होतो.

भांबुर्ड्याचा पाला चार मडक्यांना दोन मोठ्या गोणी लागतो. शेताच्या बांधावर, मोकळ्या माळावर मिळतो, पण ओळखणारा माणूस सोबत असल्याशिवाय तोडू नका. पोपटीचा वास या पाल्याचाच, त्याला दुसरा पर्याय नाही.

भरायची रीत: मडक्याच्या तळाला चार बोटं पाला. त्यावर शेंगांचा थर, मूठभर मीठ-ओवा. मग बटाटे, रताळी. चिकन आणि अंडी बरोबर मध्यावर ठेवायची. कडेला लागली तर अंडी फुटतात आणि चिकन बाहेरून करपून आत कच्चं राहतं. चिकनचे तुकडे लिंबाएवढे, मसाला लावून तीन तास मुरलेले, केळीच्या पानात बांधलेले. वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला ठासून भरायचा. पाणी एक थेंबही घालायचं नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावरच सगळं वाफवतं. तोंड सैल राहिलं तर मडकं उलटं करताना सगळं घसरतं आणि राख-धूर आत शिरतो.

मडकी उलटी मांडा, भोवती आणि वर सुक्या झावळ्या, पेंढा, गोवऱ्या, बारीक लाकडं. एकसारखा जाळ अर्धा ते पाऊण तास. ओलं लाकूड घातलं की नुसता धूर होतो आणि शेंगा अर्ध्या कच्च्या राहतात. झाली की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडा. चर्र करून लगेच उडाले आणि पाल्याचा खरपूस वास सुटला की जाळ ओढून घ्या. चिकनच्या मडक्यांना दहा मिनिटं जास्त द्या. उघडल्यावर हाडाजवळ गुलाबी दिसलं तर तेवढे तुकडे तव्यावर परता, मुलांना तसेच देऊ नका. नवी मडकी आठवडाभर उन्हात ठेवा, दमट मडकं जाळावर तडकतं. चाराच्या जागी पाच आणून ठेवा.

जागा घरापासून आणि कलमांपासून वीस फूट लांब, खालचं सुकं गवत काढलेलं. पाण्याच्या चार बादल्या आणि वाळू बाजूला. वारा जोराचा असेल तर ठिणगी कौलांखालच्या वाशांपर्यंत जाते. त्या रात्री हट्ट करू नका, शेंगा ओवा-मीठ घालून पातेल्यात वाफवा.

पडवी

झोपायचं आणि प्रवासाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

२० बाय १५ च्या माजघरात तीन फुटी गाद्या एका ओळीत सहा, पाय समोरासमोर करून दोन ओळी, मध्ये तीन फूट वाट. बारा माणसं झाली. याहून जास्त घुसवलीत तर रात्री उठणारा माणूस दुसऱ्याच्या पायावर पाय देतो. अंगणात उघड्यावर झोपायची कल्पना छान वाटते, पण डिसेंबरात पहाटे दव पडून पांघरुणं ओली होतात. पडवीत झोपणाऱ्यांना गोधडी आणि मच्छरदाणी दोन्ही द्या. भाड्याच्या गाद्या गुरुवारीच मागवून एक दिवस उन्हात टाका.

सत्तरीपुढचे सातही जण आतल्या खोल्यांत, घरातल्या संडासाच्या जवळ हवेत. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर घडीची कमोड खुर्ची आणून ठेवा. वाटेवर रात्रभर एक लहान दिवा चालू राहू द्या. औषधांची यादी, कोणाला कशाची ॲलर्जी आहे आणि अलिबागच्या रुग्णालयाचा नंबर एका कागदावर लिहून ओटीवर लावा. मुलांसाठी विहिरीवर जाळी आधीच टाकून घ्या. ९ मुलं एकत्र आली की नजर पुरत नाही.

प्रवास: नागपूर, नाशिककडून रेल्वेने येणारे असतील तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २४ डिसेंबरच्या गाडीचं २५ ऑक्टोबरला आणि २७ च्या परतीचं २८ ऑक्टोबरला. सकाळी आठलाच तिकीट काढायला बसा. मुंबईहून गाडीने येणाऱ्यांनी २५ ला सकाळी आठनंतर निघू नये. पेण-वडखळ आणि पुढे अलिबाग रस्ता दुपारपर्यंत ठप्प असतो. पहाटे साडेचारला निघा, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) घ्या. तासाभरात गाडीसकट पलीकडे. तिचं ऑनलाइन बुकिंगही नाताळात लवकर भरतं. परतीला सगळे रविवारी दुपारी चारला निघाले तर सगळे एकाच कोंडीत अडकतात. ज्यांना जमेल त्यांनी सोमवारी पहाटे जावं, म्हणजे आवरायलाही चार हात राहतील.

शुक्रवारी संध्याकाळी मुलांना बाहेर न्यायचं तर रेवदंड्याच्या पुलापलीकडे कोर्लईला नेता येईल. तिथे पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती वस्ती आहे आणि माउंट कार्मेलचं चर्च आहे. त्यांचा सणाचा दिवस असतो, तेव्हा प्रार्थना चालू असताना घोळक्याने आत जाऊन फोटो काढू नका. चार-पाच जणांनी शांतपणे जाऊन यावं.

पंगत

एक राहिलंच. उरलेला भात पातेल्यात तसाच झाकून रात्रभर ठेवू नका. मोठ्या पातेल्याचा मधला भाग कितीतरी तास गरम राहतो आणि त्यातच जिवाणू वाढून पोटं बिघडतात, पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. दोन तासांच्या आत परातीत पसरून गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. एका फ्रिजमध्ये दूध, डाळिंब्या, मुरलेलं चिकन असं सगळं मावणार नाही. बर्फ भरलेली एक मोठी थर्माकोलची पेटी कोळणीकडून किंवा बर्फाच्या कारखान्यातून मागवा आणि चिकन फक्त तिच्यातच ठेवा.

नारळीबाग

थर्माकोलची पेटी यादीत घेतली. शेजारच्या काकांनी घर द्यायला होकार दिलाय, तिथे एक संडास आणि दोन खोल्या आहेत. म्हणजे आता तीन संडास आणि बारा माणसं तिकडे. सेप्टिक टँक उपसणाऱ्याला १५ नोव्हेंबरची तारीख सांगितली आहे.

विहीरकाठ

तीन झाले म्हणजे जमेल. त्या घरातली टाकी आणि नळ आदल्या आठवड्यात चालवून बघा. बंद घरात फ्लशच्या टाकीतला वॉशर सुकून गळतो आणि एका रात्रीत सगळं पाणी वाहून जातं. वॉशर आणि टेफ्लॉन टेप आधीच आणून ठेवा.